मुस्तिक्काच्या रानात आईसोबत

रानटी ब्लूबेरी वेचायला फिनलंडला जायची कल्पना आईची. मी बरेच दिवस टाळत होते. गेल्या वर्षी धायरीच्या भाजीबाजारात ती चक्कर येऊन पडली, तेव्हापासून मी तिला एकटीला कुठेच सोडत नाही. पण सातवीपर्यंत मला घरीच शिकवणारी, टेकडीवर नेऊन पानांवरून झाडं ओळखायला लावणारी तीच. "या झुडपाचे फोटोच बघत बसायचं का?" तिनं विचारलं. शेवटी ऑगस्टची तिकिटं काढली.

मुंबईहून हेलसिंकी, तिथून रात्रीच्या रेल्वेनं रोवानिएमी, पुढे बस. रेल्वेचं तिकीट आधी काढलंत तर बरंच स्वस्त पडतं. बाहेरचं जेवण महाग आहे, त्यामुळे स्वयंपाकघर असलेलीच खोली घ्या. आम्ही पोहे आणि मेतकूट नेलं होतं. डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

घरमालकीण पिर्क्को सत्तरीची. सकाळी तिनं आम्हाला बादल्या दिल्या आणि रानात नेलं. मी तीनतीनदा विचारलं, "परवानगी कुणाची घ्यायची?"

"कुणाचीच नाही. लोकांची अंगणं सोडा, बाकी रान सगळ्यांचं," ती म्हणाली.

आणि काय ते रान! पाइनच्या झाडांखाली नजर पोचेल तिथवर गुडघ्याएवढी झुडपं, त्यांना एकेकटी लटकलेली काळीनिळी फळं. इथले लोक याला मुस्तिक्का म्हणतात. आपल्या बाजारातली ब्लूबेरी आतून फिकट असते, ही गाभ्यापर्यंत जांभळी. चव आंबटगोड, बोटं आणि जीभ तत्काळ रंगतात. पिर्क्को ती दुधात घालून खाते, राय या गव्हासारख्या धान्याच्या पिठाच्या पारीत भरून भाजते, आणि पोट बिघडलं की वाळवलेली फळं चघळते.

वेचता वेचता मी मान वर केली, तर आई नव्हती.

हाका मारल्या. उत्तर नाही. चारी बाजूंना सारखीच झाडं. मी धावत सुटणार, तेवढ्यात पिर्क्कोनं दंड धरला. "खाली बघून वेचणारे असेच भरकटतात. तू धावलीस तर दोघी हरवाल. इथेच थांब आणि बादली वाजव."

मी बादली बडवत राहिले. ती कुठेतरी पडली असेल, हेच डोळ्यांसमोर.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "काय गं, आरती चाललीय का?" ओठ जांभळे, बादली काठोकाठ भरलेली.

"कुठे होतीस? हाका ऐकू आल्या नाहीत?"

"झुडपं नेतील तिकडे. वाट चुकले होते खरी, पण बादलीच्या आवाजावर आले."

दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा रानात जायचं होतं. मी रात्रभर तळमळले, मग सकाळी गेले. एका दगडावर बसून अधूनमधून बादली वाजवत राहिले आणि ती दिसेनाशी झाली तरी उठले नाही. आयुष्यात एवढं अवघड काम केलेलं नाही.

आता पुण्यात डबाभर वाळलेली मुस्तिक्का आहे. सफर खर्चिक होती, तरी जमेल त्यानं जावंच असं माझं मत. काल आई बसनं एकटी वारज्याला मैत्रिणीकडे गेली. मी मोबाईल उलटा ठेवून काम करत बसले. तासाभरानं तिचाच फोन.

"बरी आहेस ना गं? 'पोचलीस का' म्हणून अजून विचारलं नाहीस, म्हणून काळजी वाटली."