ऊसतोडीला गेलेल्यांची खोली

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. घरात विषय निघाला की मी उठून बाहेर जायचो. आता पत्नी नाही, नोकरीतले सोबतीही बरेचसे गेले. ज्यांच्या नजरेची भीती होती तेच उरले नाहीत, तेव्हा लिहून टाकतो.

बीडला नगरपालिकेची एक दुमजली चाळ होती. गरिबांसाठी, कमी भाड्याची. ज्याला खोली दिली तोच तिथं राहतो की त्यानं ती परस्पर दुसऱ्याला दिली, हे बघायचं काम माझ्याकडं होतं. पण मला ती चाळ आवडायची. सज्जावर टाकलेल्या गोधड्या, खाली नळावरची भांडणं, भाजत्या भाकरीचा वास. मी जिन्यात असतानाच वरून हाक यायची, "आले बघा खोल्या मोजणारे! भाऊ, आमची खोली रातीतून पळून तर न्हाई ना गेली?"

ही हाक भाभींची. त्यांचे मालक गाड्या दुरुस्त करायचे. शेजारच्या खोलीत ऊसतोडीचं एक जोडपं राहायचं. त्यातली बाई आणि भाभी एकमेकींना थट्टेनं जाऊबाई म्हणायच्या.

"आमची जाऊबाई माझाच चहा पिऊन मलाच नावं ठिवती," भाभी म्हणायच्या.

"ठिवीन न्हाई तर काय! अख्खा हिवाळा ऊस तोडती मी, अन् हिच्या घरी चहा फिका!"

दिवाळी झाली की ते जोडपं मुकादमाच्या ट्रकमधून कारखान्याकडं जायचं, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचं. जाताना किल्ली भाभींकडं. भाभी रोज संध्याकाळी ती खोली उघडून झाडायच्या आणि शेजारणीच्या देवापुढं दिवा लावायच्या. मुसलमान बाई हे करते याचं चाळीत कुणाला नवल नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तिचं घर अंधारात ठिवून मला भाकर गोड लागंल का?"

एका हिवाळ्यात मुख्याधिकाऱ्यांनी मला समोर उभं केलं. चाळीत पोटभाडेकरू भरलेत अशी तक्रार वरपर्यंत गेली होती. "तुम्हाला एकही सापडत नाही? चहा प्यायला जाता का तिकडं?" खरे पोटभाडेकरू कोण ते मला माहीत होतं. खालच्या कोपऱ्यातल्या खोल्या एका वजनदार नगरसेवकाच्या माणसानं भाड्यानं लावल्या होत्या. तिकडं हात घालायची माझी छाती झाली नाही.

मी चाळीत वरच्या मजल्यावर गेलो. भाभी शेजारची खोली झाडत होत्या. आतल्या दोरीवर त्यांचं धुणं वाळत होतं. "या भाऊ, बसा," म्हणून त्यांनी चहा टाकला. मी तो प्यालो आणि कचेरीत येऊन शेरा लिहिला: मूळ भाडेकरू गैरहजर, किल्ली शेजाऱ्यांकडे, वापर शेजाऱ्यांचा. शब्दाशब्दाला पुरावा होता, आणि तरी सगळं खोटं होतं.

दाराला नोटीस लागली. उत्तर द्यायचं ते दोघं दूर उसाच्या फडात. भाभी कचेरीत आल्या. "भाऊ, तुमाला तर समदं ठावं हाय." मी "बघतो" म्हणालो, आणि मान खाली घालून बसलो. खोली गेली. सामान भाभींनी आपल्या खोलीत रचून ठेवलं.

पाडव्याला जोडपं परतलं तेव्हा दाराला पालिकेचं कुलूप होतं, नोटिशीत 'वापर शेजाऱ्यांचा' असं लिहिलेलं होतं आणि सामान शेजारणीच्या घरात. नेमका त्याच दिवशी मी खाली नळाच्या तक्रारीसाठी गेलो होतो. वर आरडाओरडा ऐकून जिना चढलो.

"कावून केलंस गं असं?" ती बाई भाभींना म्हणत होती. "खोली पायजे हुती तर तोंडानं मागायचीस!"

भाभींनी मला पाहिलं. "भाऊ, तुमी सांगा हिला. तुमीच सांगा."

सगळा सज्जा माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "जे दिसलं ते लिहिलं." आणि खाली उतरलो.

ते जोडपं गावाबाहेर, पाली गावाकडं, पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलं. दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. त्यानंतर मी पाहणीला गेलो की भाभी दार लोटून घ्यायच्या. आता ती चाळही नाही, तिथं दुकानांचे गाळे आहेत. तरी संध्याकाळी पाय तिकडं वळतात. गाळ्यांसमोर उभा राहून मी सज्जा कुठवर होता, नळ कुठं होता, याचा अंदाज घेत राहतो. त्या फिक्या चहाची चव पुन्हा कुठं सापडली नाही.

मागच्या हिवाळ्यात फळांच्या गाड्यापाशी भाभी भेटल्या. सुनेचा हात धरून उभ्या होत्या. मला वाटलं, तोंड फिरवतील.

"भाऊ, लई वाळलात की," त्या म्हणाल्या. "सैंपाक कोण करतं?"

"मीच."

"मीठ बरूबर पडतं का?" आणि त्या हसल्या.

मी संत्री चाचपत राहिलो. सुनेनं रिक्षा थांबवली, त्या बसल्या, गेल्या. रमजानच्या आधी त्या वारल्याचं त्याच गाडेवाल्याकडून कळलं. पालीलाही जाऊन आलो. ते जोडपं कारखान्याकडंच कुठंतरी कायमचं राहिलंय, एवढंच कळलं.

गाड्यापाशी मला म्हणायचं होतं ते एवढंच: भाभी, तुमचा काही दोष नव्हता. ते मी केलं, आणि तुमच्या जाऊबाईसमोर मी खरं सांगितलं नाही. मला माफ करा.