रिकामं परत आलेलं भांडं

शायलो हिल चर्चच्या जेवणावळीला प्रत्येकीनं आपलं भांडं भरून आणायचं आणि त्याच्या बुडाशी चिकटपट्टी लावून तीवर नाव लिहायचं, ही मेकन गावच्या बायकांची जुनी रीत. साठ जणींची भांडी एकाच मोरीत पडल्यावर कुणाचं कुठलं हे कळायला नको? कुणाचं भांडं आपल्याकडे राहिलं, तर ते परत करायचं, पण रिकामं मात्र नाही. चार बिस्किटं का होईना, घालून द्यायची. रिकामं भांडं दारात ठेवणं म्हणजे तोंडावर शिवी देणं.

व्हर्नेल टिब्जला ही शिवी उभ्या आयुष्यात एकदाच मिळाली होती. त्याला एकेचाळीस वर्षं झाली आणि तिनं ती कुणालाही, अगदी नवऱ्यालासुद्धा, सांगितली नव्हती.

परवाच्या शनिवारी तिला पंच्याहत्तर पूर्ण झाली. लेक शार्लीन हट्टाला पेटली, "ममा, आज तू चुलीपाशी फिरकायचं नाहीस." जावई लॅमॉन्टनं गाडी काढली आणि दुपारी दोघांनी तिला नेलं कुठे, तर डाउनटाउनमधल्या नव्या 'सेकंड प्लेट' नावाच्या हॉटेलात. मखमली खुर्च्या, मंद दिवे, भिंतभर दारूच्या बाटल्या. व्हर्नेल पडली चर्चमधली मान्यवर म्हातारी, पांढरी हॅट, पांढरे हातमोजे. तिनं पर्स छातीशी घट्ट धरली. पर्समध्ये नेहमीची तिखट सॉसची बाटली होती, परक्याच्या मिरचीवर तिचा विश्वास नव्हता.

आधी उंच पेल्यात हिरवट काहीतरी आलं. "कोलार्डच्या, म्हणजे कोबीच्या जातीच्या पाल्याचं पाणी, मॅडम. वर लिंबू. तुमचं बिनदारूचं," वाढणारा म्हणाला.

"अगं बाई! हे तर पातेल्याच्या तळाशी उरतं, आम्ही त्यात मक्याचा ब्रेड बुडवून खातो. ते पेल्यात घालून मिरवतात होय?"

"पाणी म्हणू नका, ममा," लॅमॉन्ट म्हणाला. "कॉकटेल म्हणा. भाव तसाच लावलाय."

मग पाल्याचे मोमो आले, कोरियन लोणच्याबरोबर तळलेला कॅटफिश आला. व्हर्नेलनं नाक मुरडत मुरडत सगळं चाटूनपुसून खाल्लं. शार्लीन हसून हसून लाल झाली. खरं सांगायचं तर म्हातारी खूश होती.

शेवटी छोट्या पत्र्याच्या भांड्यात पीचचा गोड कॉबलर आला, वर भाजलेल्या पिठाचा खरपूस थर, खाली पाकात रटरटत्या फोडी. व्हर्नेलनं एक चमचा तोंडात घातला आणि चमचा तसाच खाली ठेवला. पीचच्या पाकात तमालपत्र उकळलेलं होतं. साऱ्या मेकनमध्ये असा कॉबलर एकच बाई करते, असं लोक म्हणत. ती बाई म्हणजे व्हर्नेल.

"ममा! हा तर तुझा!" शार्लीन ओरडली.

लॅमॉन्टनं भांडं उचलून बूड पाहिलं. तिथे चिकटपट्टी होती. पदार्थ मूळ ज्या बाईचा, तिचं नाव बुडाशी लावायचं, अशी या हॉटेलाची पद्धत. "ओरा ली प्रुइट," त्यानं वाचलं.

व्हर्नेलला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

एकेचाळीस वर्षांपूर्वी ओरा ली नवी नवी चर्चला येऊ लागली होती. लाँड्रीत कपडे धुणारी, अबोल. पास्टरांच्या सत्काराच्या जेवणाला तिच्याकडे मोठं भांडं नव्हतं, म्हणून तिनं व्हर्नेलचं मागून नेलं आणि त्यात कॉबलर करून आणला. पास्टरांनी कॉबलर दोनदा घेतला, मग भांडं उलटं करून मोठ्यानं वाचलं, "सिस्टर व्हर्नेल टिब्ज!" सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. ओरा ली खांद्यावर फडकं टाकून दारात उभी होती. व्हर्नेलनं तोंड उघडलं ते खरं सांगायलाच, आणि तोंडातून निघालं काय? "देवाची कृपा, पास्टर." दुसऱ्या दिवशी भांडं व्हर्नेलच्या पायरीवर होतं. लख्ख घासलेलं, रिकामं. ओरा ली पुन्हा त्या चर्चची पायरी चढली नाही. त्या जेवणात व्हर्नेलला आपल्या ताटातल्या फोडींत तमालपत्राचा तुकडा सापडला होता. त्यावरून करत करत दोन वर्षांत तिनं चव जमवली, आणि मग आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली ती बसलीच.

"कोण ही बया?" शार्लीन तापली. "बोलवा तुमच्या शेफला!"

"जाऊ दे गं, शार्लीन."

"का म्हणून जाऊ दे? चर्चच्या पाककृतींच्या पुस्तकात तुझ्या नावानं छापलंय!"

शेफ बाहेर आली. तिशीची पोर, टमेका नाव. कपाळ थेट ओरा लीचं, आणि खांद्यावर फडकं. "काही चुकलं का, मॅडम?"

"चुकलं?" शार्लीन उसळली. "हा माझ्या आईचा कॉबलर आहे."

"नाही, मॅडम. माझ्या आजीचा."

"मग आजीला विचार, कुणाच्या घरातून उचलला!"

पोरीचा चेहरा पडला. आजूबाजूची टेबलं बघायला लागली. तोच चेहरा, तेच फडकं. व्हर्नेलला क्षणभर पुन्हा मूग गिळून बसावंसं वाटलं. हो, खोटं कशाला बोलू, वाटलंच.

"शार्लीन, गप्प बस," ती म्हणाली. "भांडं माझं होतं. हात हिच्या आजीचा होता." आणि मान खाली घालून तिनं सगळं सांगितलं, टाळ्यांपासून पायरीवरच्या भांड्यापर्यंत.

टमेकानं खांद्यावरचं फडकं काढून हाताभोवती गुंडाळलं.

"आजी दुसऱ्या चर्चला जायला लागली, पण तिथे कधी काही करून नेलं नाही," ती म्हणाली. "का, ते कधीच बोलली नाही. आज कळलं." "असू दे" असं काही ती म्हणाली नाही, आणि का म्हणावं तिनं? ती आत गेली, एक भरलेलं भांडं वरून कागद लावून घेऊन आली आणि व्हर्नेलपुढे ठेवलं. "घरी न्या. उद्या चर्च सुटल्यावर आजी इथे येते, त्या खिडकीशी बसते. भांडं तुम्हीच आणून द्या, मिस व्हर्नेल."

लॅमॉन्टनं गाडी घराकडे वळवली. रस्त्यावर ऊन रणरणत होतं. व्हर्नेलच्या मांडीवर भांडं अजून गरम होतं आणि बुडाची चिकटपट्टी तिच्या बोटांना लागत होती.

"तुझा कॉबलर म्हणून मी गावभर सांगत फिरले, ममा," शार्लीन खिडकीबाहेर बघत म्हणाली. मग भांड्याकडे वळून, "उद्या त्यात काय घालून नेणार?"

आपल्या हातचं असं काय काय, ते व्हर्नेलनं आठवून पाहिलं. घेवडा, पाला, रोजचा मक्याचा ब्रेड. त्यांचं कुणी कधी नाव काढलं नव्हतं, आणि तिनंही एकेचाळीस वर्षांत त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

"ठाऊक नाही, बाळा," ती म्हणाली. "माझं स्वतःचं असं मी काही केलंच नाही."