त्या पानावर अम्मी काय बोलते आहे

डॉक्टरांनी माझं दुखणं सांगितलं तेव्हा मी तिथेच होते, अम्मीच्या मांडीवर. पण त्या खोलीतल्या माणसांपैकी ते सर्वात शेवटी मला कळलं, काही वर्षांनी.

धुळ्याचा मोठा दवाखाना. भिंतींना जाड फोम लावलेली खोली. मी पाच वर्षांची. डॉक्टरांचे ओठ हलत होते, अब्बा टोपी काढून हातात चुरगाळत होते आणि मला टेबलावरचा गुलाबी मुठीचा खुळखुळा हवा होता. त्या खोलीतलं माझं सगळं ज्ञान एवढंच. बाकीचं शाहीन खालाकडून आलं. खाला म्हणजे अम्मीची धाकटी बहीण. साक्रीला मराठी शाळेत शिकलेली, त्या दिवशी अम्मीबरोबर आलेली, आणि आमच्या घरात मला मराठीत लिहून सांगू शकणारी एकटी. जे मी ऐकलं नाही ते सगळं तिने मला नंतर लिहून दिलं आहे.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं होतं, 'बायलॅटरल प्रोफाउंड सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस'. नाव एवढं लांब की वाचेपर्यंत माणूस घाबरून मोकळा होतो. अर्थ सोपा आहे. बायलॅटरल म्हणजे दोन्ही कान. प्रोफाउंड म्हणजे अगदी तीव्र. सेन्सरीन्यूरल म्हणजे कानाचा पडदा बरा आहे, पण आतला भाग आवाज मेंदूपर्यंत पोचवत नाही. यावर औषध नाही. माझ्या बाबतीत ते जन्मापासून असावं, असं डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "पाच वर्षं तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

अब्बा म्हणाले, "साहेब, आमच्या गल्लीत कोण कुणाचं ऐकतं?"

डॉक्टरांना तो उद्धटपणा वाटला. पण अब्बा खरं तेच बोलत होते.

आमची गल्ली यंत्रमागांची. घराच्या एका भिंतीपलीकडे माग, दुसऱ्या भिंतीपलीकडेही माग. अब्बा मागावर, अम्मी घरात बसून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या लहान रिळांवर सूत गुंडाळायची. मागांच्या खडखडाटात कुणी हाक मारत नाही. धागा तुटला तर दोन बोटं कात्रीसारखी हलवायची, चहा हवा तर अंगठा ओठांशी न्यायचा, मालक आला तर मिशीवरून बोट फिरवायचं. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे आणि हातांकडे बघूनच बोलतात. घरी आली तरी ती सवय सुटत नाही. अशा गल्लीत बहिरं मूल जन्मलं तर ते उठून दिसणार कसं? मला इशारे सगळ्यांआधी कळायचे. दादी शेजारणींना कौतुकाने सांगायची की पोरगी फार चलाख आहे.

त्यात वीज गेली की मी झोपेतून दचकून उठायची. माग थांबले की गल्लीतली सगळीच लेकरं उठतात, त्यांना त्या आवाजाची सवय असते. मी उठायची ती फरशी हलायची थांबली म्हणून. पण बघणाऱ्याला काय कळणार? घरातल्यांनी धरूनच टाकलं होतं की हिचे कान तिखट आहेत. बोलत नाही एवढंच, तर अब्बाही म्हणे उशिराच बोलले होते.

ते फुटलं साक्रीला. नानीकडे लग्न होतं. तिथे माग नाहीत, जमीन आपली गप्प पडून असते. बाजाराच्या दिवशी मी रस्त्याच्या मधोमध बसून खडे वेचत होते. मागून टेम्पो आला आणि हॉर्न वाजवत राहिला. मी वळले नाही. शेवटी भाजी विकणाऱ्या एका म्हातारीने मला दंडाला धरून उचललं आणि अम्मीला विचारलं, "हाई पोरले ऐकू येस का नही व माय?"

अम्मी साक्रीतच वाढलेली. तिने तिच्याच अहिराणी बोलीत तिला झापलं की पोरीला सगळं कळतं, "बठ्ठं समजस तिले! हुशार शे मनी पोर!"

खाला लिहिते, असं म्हणताना अम्मीचा चेहरा पांढरा पडला होता. लग्न व्हायच्या आतच आम्ही धुळ्याला परत आलो.

मग तपासण्या. 'बेरा' नावाची एक तपासणी असते. मुलाला झोपेचं औषध पाजतात, डोक्याला तारा चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूने त्याची दखल घेतली का ते यंत्रावर बघतात. मुलाला काही दुखत नाही. दुखतं बाहेर बाकावर बसलेल्यांना. दुसरी 'ऑडिओमेट्री', फोमच्या खोलीतली. आवाज आला की मूल खुळखुळा उचलतं. मी दर वेळी डॉक्टरीणबाईंची भुवई हलली की उचलायची. त्यांच्या ते लक्षात आलं, मग त्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हा मी तो उचललाच नाही.

अम्मीने विचारलं, ते मशीन आत बसवतात ते? कुणीतरी तिला कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल सांगितलं होतं. कानाच्या आत ऑपरेशन करून तार बसवतात, ती थेट नसेला संदेश देते. डॉक्टर म्हणाले, "खूप लवकर बसवलं तर फायदा. हिचं भाषा शिकायचं वय निघून चाललंय. आता फार आशा देत नाही. श्रवणयंत्र लावून बघू."

श्रवणयंत्र लावलं. गळ्यात पिशवी, तिच्यात डबी, डबीतून कानात वायर. पिशवी अम्मीने निळ्या सुताच्या कापडाची शिवली. आमच्या गल्लीत त्या यंत्राने मला एकच गोष्ट दिली, डोक्यात सतत दणके. मी ते काढून पाण्याच्या माठात टाकलं. गल्ली सोडणं अब्बांना शक्य नव्हतं, म्हणून मला गल्ली सोडायला लावली. जळगावला कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत जागा मिळाली.

बसमधून उतरताना अम्मी परत जाणार आहे हे मला कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? मी शाळेच्या शिपायाचा हात धरून केळं खात उभी राहिले, आणि मागे वळून बघितलं तर ती नव्हती. बहिऱ्या मुलाला निरोप देता येत नाही. आई-बापांनो, तुमच्यावर ही वेळ आली तर चित्र काढून दाखवा, बसचा रस्ता बोटाने आखा, काहीही करा. गुपचूप निघून जाऊ नका. मी कित्येक महिने फाटकाजवळ बसत असे.

शाळेत चौधरीबाई होत्या, फैजपूरकडच्या. त्यांनी मला आवाज शिकवला. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायच्या. 'प' म्हटला की पट्टी उडते, 'म' म्हटला की उडत नाही. माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायच्या. गळा थरथरला म्हणजे आवाज आहे. तोवर मला वाटायचं, बोलणं म्हणजे ओठ हलवणं. बाईंनी मला मराठी दिली, वाचायला, लिहायला आणि ओठांवरून ओळखायला.

आणि इथेच नवं दुःख सुरू झालं. शाळा मराठी, आणि घरात आम्ही बोलतो ती आमची हिंदी-उर्दू. सुट्टीत घरी आले की अम्मी माझ्यासमोर बसून बोलायची आणि मला तिच्या ओठांवरचं काहीच ओळखू यायचं नाही. तिला उर्दू वाचता येतं, मला देवनागरी. मी हसून मान हलवायची. मुकाट मान हलवणं ही आम्हा बहिऱ्यांची खरी मातृभाषा. इशाऱ्यांवर खाणं-पिणं, कपडे, येणं-जाणं सगळं भागायचं. पण आई काय म्हणते, हे मला कधी कळलं नाही. मला त्याचा राग यायचा, आणि तो कुणावर काढावा ते समजायचं नाही.

आता मी त्याच शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या मुलांना वाचायला त्यांच्यासारख्या मुलाची गोष्ट नाही, म्हणून मी माझीच काढायला घेतली. चौकटी-चौकटींची, चित्रांत सांगितलेली. माग, टेम्पो, माठातलं यंत्र, शाळेचं फाटक. माठाच्या पानावर मुलं पोट धरून हसतात. फाटकाच्या पानावर कुणी हसत नाही.

एक पान मात्र अडलं. निदान झालं त्या दिवसाचं. दवाखान्याच्या बाकावर अम्मीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला होता आणि सावकाश, बराच वेळ, काहीतरी बोलली होती. तसं ती त्याआधी कधी बोलली नव्हती. तिचे ओठ मला जसेच्या तसे आठवतात. मी ते काढलेही. पण ती काय म्हणाली ते मला लिहायचं होतं. मुलं तेच विचारतात, आई काय बोलते आहे? खालाला विचारलं, तर ती लिहिते, तेव्हा मी केसपेपरच्या रांगेत होते.

ईदला घरी गेले आणि पान अम्मीपुढे ठेवलं. खाला शेजारी होती. मी चित्रातल्या ओठांवर बोट ठेवून विचारलं, काय?

अम्मी चित्राकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून बोलू लागली. बाईंची सवय, माझा हात आपसूक तिच्या गळ्यावर गेला. ओठ हलत होते. गळा स्थिर होता.

मी खालाकडे पाहिलं. तिने अम्मीला विचारलं आणि मोबाईलवर लिहिलं, "तिने त्या दिवशी आवाज काढलाच नव्हता. नुसते ओठ हलवले. तुला फरक पडतो का ते तिला बघायचं होतं. तू हसून मान हलवलीस." तिने पुढे लिहिलं, "तेव्हापासून ती तुझ्याशी अशीच बोलते. तुला माहीत नव्हतं?"

मला कसं माहीत असणार? घरात सगळ्यांना माहीत होतं. अब्बांना, दादीला, शेजारणींनासुद्धा. मी लिहिलं, मग इतकी वर्षं ती काय बोलत होती? खालाने लिहिलं, "ते आम्ही कसं सांगणार? कुणालाच ऐकू यायचं नाही. आणि तिलाही आता सगळं कुठे आठवतं?"

मी खूप रडले. अम्मीने जे जे मला सांगितलं ते जगात फक्त मी पाहिलं होतं, आणि मला ती भाषा येत नव्हती. ते आता कुणीही परत देऊ शकत नाही. तुमचं मूल बहिरं निघालं तर डॉक्टर तुम्हाला यंत्रांची नावं सांगतील. ती ऐका, लवकर ऐका, संशय आला की महिनाभरही थांबू नका. पण मूल कुठल्या भाषेत शिकणार आहे तेही विचारा, आणि ती भाषा तुम्ही घरात आणा. शाळेने मला पुष्कळ दिलं. अम्मी मात्र शाळा मला देऊ शकली नाही.

त्या पानावर मी काही लिहिलं नाही. मुलांना सांगते, अजून शिकते आहे.

खरंच शिकते आहे. सुट्टीत खाला मला आरशासमोर बसवते आणि घरची बोली ओठांवर दाखवते, एकेक शब्द. या वयात जड जातं. दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी अम्मी चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे बघून ओठ हलवले. मला ते एकदम ओळखू आलं. "खाना खाया क्या?"

मी 'नाही' म्हटलं, तोंडाने, माझ्या त्या ओबडधोबड आवाजात. अम्मी थबकली. मग तिने आणखी काही विचारलं, तेही निम्मं मला ओळखू आलं.

शाहीन खाला आमच्या दोघींच्या मध्ये बसून लसूण सोलत होती. माझं 'नाही' ऐकून तिने चमकून वर पाहिलं आणि हाताने मला विचारलं, कुणाला म्हणतेस? तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.