चौदावी तार

माझा मामा हातात पाना धरून झोपतो, असं गावभर बोललं जायचं. खरं तर तो झोपलेला नसे. मोटारसायकलचं इंजिन खोललेलं, समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं, आणि हा गॅरेजच्या मागच्या दारातून डोंगराकडे टक लावून बसलेला. धुकं उतरलं की तिथली झाडं एकेक करून नाहीशी व्हायची आणि उन्हं चढली की परत यायची. "आत्ताच एक हरीण इथं पाणी पिऊन गेलं," तो सांगायचा. मागच्या दारात पाणी कुठलं, ऑइलचं डबकं होतं! आई म्हणायची, "याला जागं करायचं देव विसरलाच."

हाताला मात्र तोड नव्हती. ब्रेकची तार बसवताना टोकाचे धागे सुटू नयेत म्हणून तो वितळलेल्या सोल्डरचा बारीक थेंब द्यायचा आणि कानशीनं घासून गुळगुळीत करायचा. बाकीचे मेकॅनिक चिकटपट्टी गुंडाळून मोकळे व्हायचे. झिजून बदललेल्या जुन्या तारा खिळ्याला लटकत असत; ज्याला हव्या त्यानं न्याव्यात. एकदा माझ्या बाबांनी मोजून चौदा नेल्या. "वेलांना मांडव घालायचाय," म्हणाले.

पुढं महिन्याभरानं, एका सकाळी मी स्कूटर दुरुस्तीला घेऊन गेले होते, तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टर बाई जीप घेऊन आल्या. डोंगराच्या पायथ्याशी बिबट्याची मादी फासात अडकली होती. तार कमरेत रुतली होती आणि बाईंच्या हत्यारानं तुटत नव्हती. भुलीचं इंजेक्शन दिलेलं, वेळ थोडा. मामा कटर घेऊन जीपमध्ये बसला. ऑफिसवर पाणी सोडून मीही चढले.

ती धुक्यात, गवतावर कुशीला निजली होती. डोळे अर्धे उघडे. मामानं आधी नुसता तिच्या पोटावर हात ठेवला. "उबदार आहे गं," तो कुजबुजला. मला वाटलं, आपण सगळे तिच्याच स्वप्नात आलोय आणि ती जागी झाली की पुसले जाऊ. मग कट् असा आवाज झाला आणि तार सुटली. मामानं ती उचलली, टोक अंगठ्यानं चाचपलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. टोकाला त्याचाच सोल्डरचा गुळगुळीत थेंब होता.

"ही माझ्या गॅरेजातली आहे," तो बाईंना म्हणाला. "अशा अजून तेरा असतील."

"लावल्या कुणी?"

"आधी घरी विचारू द्या. मग तुमच्यापुढं उभा राहतो."

तिथून तो थेट आमच्या घरी आला आणि बिबट्याची, डॉक्टर बाईंची हकीकत सांगून जेवणाच्या टेबलावर बाबांसमोर तार ठेवली. "दाजी, मांडव कुठाय?"

बाबा उसळले. "रानडुकरांनी रताळ्याचं अख्खं शेत उकरलं, तेव्हा कुठं होती तुझी डॉक्टर? डुकरांसाठी लावलेत मी!"

"डुकराला दुखत नाही का, दाजी?"

आई दारात उभी होती. नवरा एकीकडे, भाऊ एकीकडे. तिच्या तोंडाला कुलूप लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग बाबांनी चपला घातल्या.

संध्याकाळपर्यंत अकरा फास निघाले. उरलेले दोन कुठं लावले, ते बाबांना काही केल्या आठवेना. त्याच त्या झाडांभोवती चारदा फिरले, कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी बाबांनी वनखात्यात जाऊन सगळं कबूल केलं आणि झालेली शिक्षा मुकाट्यानं भोगली. बाईंनी खटपट करून शेताला कुंपण मिळवून दिलं. पण त्या दोन फासांपायी बाबांना घास गोड लागेनासा झाला.

मामा जुन्या तारांचे बोटाएवढे तुकडे करूनच टाकू लागला. रविवारी गॅरेज बंद ठेवून तो डोंगरावर जाई. बहुतेकदा मी सोबत असे. शोधता शोधता हा पठ्ठ्या झाडाला टेकून बसायचा. "गप्प बसलं की जंगल जवळ येतं," म्हणायचा. मी चिडायचे, आणि पाचच मिनिटांत मलाही पानांमागं कुणी कुणी चालल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या वर्षी तेरावी तार सापडली. गंजलेली, रिकामी.

चौदावी सापडायला नऊ वर्षं लागली. काटेरी झुडपाच्या बुडाशी होती. फासात बारीक पांढरी हाडं होती, हरणाच्या पाडसाची. मामा लहान मुलासारखा रडला. मग आम्ही हातांनीच खड्डा केला, हाडं पुरली, तारेचे तुकडे केले.

उतरताना तो म्हणाला, "दाजींना सांग, रिकामा होता."

"तूच सांग की."

"माझा चेहरा बघून त्यांना कळेल. तू बिनदिक्कत खोटं बोलतेस."

बोलले. त्या दिवशी बाबा पोटभर जेवले.

आता मामा नाही. बाबांना माणसं ओळखू येत नाहीत, आई गेल्याचंही लक्षात राहत नाही. पण धुकं पडलं की माझा हात धरून विचारतात, "ती शेवटची तार... रिकामीच होती ना गं?"

"रिकामीच होती, बाबा," मी म्हणते, आणि दर वेळी मनातल्या मनात त्या पाडसाची माफी मागते.