लातूरला नाच शिकायला

माझा स्वभाव तापट. नांदेडला आमचं नळ-पायपांचं दुकान आहे आणि एकाच गिऱ्हाइकानं तीनदा भाव विचारला की माझं डोकं सटकतं. त्यामुळं एका दुपारी जेवताना बायकोनं जे सांगितलं, त्यावर मी भडकणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं आधी वाटीत वरण वाढलं आणि मग म्हणाली, "लातूरला शनिवार-रविवार जोडीनं नाचायचं शिबिर हाय. मी नाव घातलंय आपलं."

"आपलं म्हंजे?"

"तुमचं अन् माझं. जोडीनं नाचायचं तर एकटी कशी जाऊ?"

"अगं, लोक काय म्हणतील? म्हातारचळ लागलाय म्हणतील!"

"म्हणू द्या. लोकांनी माझं दुखणं काढलं का?"

मी वरणात भाकरी कुस्करायला लागलो. मागच्या वर्षी तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सगळंच काढावं लागलं. मग किमो. केस गेले, परत आले ते कुरळे आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्या बाजूच्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, जड उचलायचं नाही, पण हात हलता ठेवायचा, भिंतीवर बोटं चढवत चढवत वर न्यायचा. मी त्यातलं पहिलं तेवढं नीट ऐकलं. घरी आल्याबरोबर वरच्या फळीवरचे सगळे डबे खाली आणून मांडले. झोपेत धक्का लागायला नको म्हणून बैठकीतल्या दिवाणावर झोपायला लागलो, तो त्या दिवसापर्यंत तिथंच.

ती हाताचा व्यायाम दार लावून करायची. साडी बदलतानाही दार लावायची. मी बाहेर खोकलो तरी आतून म्हणायची, "थांबा." मला वाटायला लागलं, हिला आता मी जवळ नकोय. विचारायची छाती नव्हती. गिऱ्हाइकावर ओरडणारा माणूस मी, पण घरात शिरलो की भाजी कुठली आणू, गोळी घेतली का, एवढंच बोलणं. आता उरलेलं आयुष्य असंच, एका घरात दोन पाहुण्यांसारखं काढायचं का, हा विचार दुकानात बसल्या बसल्या यायचा आणि मी मोजलेले पाइप परत मोजायचो.

तर गेलो. लातुरात मेहुणीकडं उतरलो आणि लग्नाला आलोय म्हणून ठोकून दिलं. शिबिर खरंच एका मंगल कार्यालयात होतं, त्यामुळं अर्धं खोटं पचलं. आत बघतो तर आमच्यासारखी बरीच जोडपी, कुणी नुकतं लग्न झालेलं, कुणी आमच्या वयाचं. शिकवायला पुण्याहून एक पोरगी आणि तिचा नवरा आला होता. पोरगी चुणचुणीत. माईक हातात घेऊन म्हणाली, "चला, जोडीनं उभे राहा आणि एकमेकांना धरा."

आम्ही सगळे उभे राहिलो. क्षणभर ती पोरगी आमच्याकडं बघतच राहिली. एका रांगेत, स्टेजकडं तोंड करून, सगळे नवरे हात पुढं धरून ताठ आणि सगळ्या बायका उजव्या अंगाला, नवऱ्याच्या कोपराला बोटं टेकवून.

"हे काय?" ती म्हणाली.

आमच्या शेजारी देगलूरहून आलेले एक निवृत्त हेडमास्तर बायकोसह उभे होते. ते गंभीरपणे म्हणाले, "बाई, आम्हाला जोडीनं उभं राहा म्हटलं की पूजाच येते. तुम्ही आता चौरंग मांडा अन् कलश ठेवा."

हॉल नुसता खदखदून हसला. मीही हसलो, पण माझं सगळं ध्यान कोपरावर होतं. किती महिन्यांनी तिची बोटं माझ्या अंगाला लागली होती! पोरगी आमची तोंडं एकमेकांकडं फिरवायला आली आणि ती बोटं निघाली, तेव्हा मला त्या पोरीचा रागच आला.

मग धरायचं कसं ते शिकवलं. गड्याचा उजवा हात बाईच्या पाठीवर, डाव्या हातात तिचा उजवा हात. उजवा! मी तिचा पंजा हलकेच धरला आणि कमरेच्या उंचीवरच ठेवला. पाठीवरचा हात तर टेकवलाच नाही, मध्ये हवा ठेवली. पोरगी येऊन म्हणाली, "काका, हात टेकवा, काकूंना कळलं पाहिजे कुठं जायचंय ते." मी हो हो म्हटलं आणि ती वळली की परत हवा. बायकोनं एकदा माझ्याकडं वर बघितलं आणि मग माझ्या शर्टाच्या गुंडीकडं बघत राहिली. तिच्या केसांना शिकेकाईचा वास येत होता. मला तिथंच रडू येतं की काय असं झालं.

थोड्या वेळानं पोरीनं बॉम्ब टाकला. "आता जोडीदार बदलायचा. पुरुषांनी एकेक जागा पुढं सरकायचं."

अरे बापरे! एका गृहस्थानं तर बायकोची पर्स उचलली, बायको उचलली आणि थेट बाहेर. बाकीचे सरकलो, पण कसे? नव्या बाईपुढं गेलं की आधी हात जोडून नमस्कार, मग "वहिनी, पाय पडला तर माफ करा," मग हात धरायचा, आणि तोवर गाणं संपलेलं. पोरगी कपाळाला हात लावून बसली. मी हेडमास्तरांच्या मंडळींचा पाय चांगलाच तुडवला. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊजी, घरी पण हेच हाय."

रविवारी दुपारी फिरकी शिकवली. गड्यानं बाईचा हात तिच्या डोक्यावर न्यायचा आणि बाईनं त्याखालून गर्रकन फिरायचं. मी पोरीला बाजूला घेऊन सांगितलं, आम्हाला हे नको, हिचं ऑपरेशन झालंय. बायकोनं ते ऐकलं. तिनं पदर खोचला.

संध्याकाळी शिकवणं संपलं आणि नुसतंच नाचायचं होतं. गाणं लागेल तसं, ज्याला ज्याच्यासोबत नाचायचं त्यानं विचारायचं. मी पाणी प्यायला म्हणून सटकलो आणि ग्लास हातात घेऊन खांबापाशी उभा राहिलो. हेडमास्तर गुडघ्याला पट्टा बांधून हॉलभर हिंडत होते. ते माझ्या बायकोपुढं गेले, नमस्कार केला, तिनं मान हलवली. चार पावलं झाली असतील. त्यांनी तिचा उजवा हात धरून सरळ वर नेला. मी ग्लास तसाच टाकून धावलोच. आणि हात गेला. खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, आणि ती त्याखालून फिरली. हसत होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गाणं संपल्या संपल्या मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "त्यांच्यासोबत हात वर जातो अन् माझ्यासोबत न्हाई?"

"तुम्ही नेता कुठं वर? दोन दिवस अंडं धरल्यासारखा धरून ठेवलाय. तुम्ही उचलल्याबिगर मी फिरू कशी?"

"तुला दुखंल म्हणून."

"दुखंल म्हणून दिवाणावर झोपता?"

नवं गाणं सुरू झालं होतं. आजूबाजूला सगळे नाचायला लागले आणि आम्ही मधोमध उभे. ती खाली बघून म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला किळस येती माझी. म्हणून आणलं इथं. म्हटलं, इथं तरी सगळ्यांसमोर धरावं लागंल तुम्हाला."

"वेडी हायेस का तू?" मी एवढ्या जोरात ओरडलो की पोरगी माईक टाकून आमच्याकडं बघायला लागली. "किळस? तुझी? अगं, तू दार लावून बसायचीस. मला वाटलं, तुलाच मी नको झालो!"

"मी दार लावायची तुम्ही बघू नये म्हणून."

"मला बघायचंय," मी म्हणालो.

तिनं आपला उजवा हात माझ्या डाव्या हातात ठेवला. मी दुसरा हात तिच्या पाठीवर टेकवला, पूर्ण टेकवला. ब्लाउजच्या खाली तिचा श्वास हाताला जाणवत होता. मग मी तिचा हात उचलायला लागलो. खांद्यापर्यंत सहज आला. कानाच्या वर गेला तशी तिच्या कपाळाला आठी पडली आणि मी जागीच थांबलो.

"दुखायलंय का?"

"हाव, दुखायलंय, मघाशी पण दुखलंच," ती म्हणाली. "सोडू नका."