जमादारांचा शब्द

गावाची शीव आली की जमादार डोक्यावरची पगडी काढून काखेत धरत आणि मगच आत शिरत. धानोऱ्याकडच्या आमच्या गावच्या पोलीस चौकीत असे करणारे ते पहिलेच. "पगडी पाहून लोक जंगलात पळतेत मास्तर. टक्कल पाहून कोनी पळत नाई," असे म्हणून स्वतःच हसत.

गोंडी ते बेधडक बोलत आणि इतकी चुकीची, की बाया पदर तोंडाशी धरत. पण तंटा कुणाचाही असो, लोक चौकीत न जाता त्यांच्या घरच्या ओट्यावर जात. "मी आहो ना!" एवढे ऐकले की निम्मा तंटा तिथेच मिटे. पोलिसाकडून माणसाला आणखी काय हवे असते, तुम्हीच सांगा.

मालगुजारांची जमीनदारी गेली आणि जंगल सरकारी झाले. पिढ्यान्‌पिढ्या घरापुरता बांबू तोडणाऱ्यांना जंगलखात्याचा नाकेदार अडवू लागला. एकदा झटापट झाली, नाकेदाराचा हात मोडला आणि शेजारच्या गावचे पाच जण जंगलात लपले. जमादार मला सोबत घेऊन त्या गावी गेले. पाचांपैकी एकाच्या म्हाताऱ्या बापाला म्हणाले, "पोट्ट्याइले चौकीत येऊ द्या. बयान लिहितो, सांजेले घरी जातीन. मी आहो ना!"

म्हातारा म्हणाला, "सरकारले आमी नाई ओळखत भाऊ. तुमाले ओळखतो."

पाचही जण आपल्या पायांनी चौकीत आले. दुपारी चांद्याहून पोलिसांचे मोठे साहेब आले आणि त्यांना दोर बांधून घेऊन गेले. कागदावर लिहिले, 'पळताना पकडले.'

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर कुणी येईना.

खटल्याची तारीख लागली तेव्हा जमादार माझ्याकडे आले. "मी कोर्टात खरं सांगनार. पन माह्यं एकट्याचं कोन ऐकते? तुमी होते तिथं. येता का चांद्याले?"

मी सरकारी शाळेचा मास्तर. म्हटले, "रजा नाही मिळायची."

त्या तारखेला शाळेला दिवाळीची सुट्टी होती. त्यांनाही ते ठाऊक होते. "बरं," एवढेच म्हणाले.

कोर्टात ते एकटेच बोलले. साहेबांचा कागद खरा ठरला. पाचांना सजा झाली, जमादारांची जमादारी गेली आणि सिरोंच्याकडे बदली झाली. मला माझ्या त्या खोट्याची आजही लाज वाटते, लिहूनही ती कमी होत नाही.

जमादार निघाले त्या सकाळी त्यांची बैलबंडी शाळेपुढे थांबली. "येतो मास्तर," त्यांनी बाहेरून हाक दिली. मी दाराकडे पाठ करून पोरांकडून सतराचा पाढा म्हणवून घेत होतो. तो संपला, तसा पुन्हा पहिल्यापासून म्हणवला.