वास न येणारे सोडे

सोड्यांचा डबा उघडला आणि त्या वासासरशी, लॅपटॉपवरची जाहिरात अर्धवट टाकून, मी मनानं आगरदांड्याला पोचलो. नोकरी सोडून जाहिराती लिहायला लागलो तेव्हा तीन महिन्यांच्या वणवणीनंतर मिळालेलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तिथली सुकी मासळी विकणारी कमळामावशी. तिच्या पाकिटासाठी शहरी लोकांना रुचेल असं मी ऐटीत लिहिलं होतं, 'अजिबात वास न येणारे सोडे!' वाचून दाखवलं. मावशीनं मूठभर सोडे माझ्या नाकाशी धरले.

"वास न्हाय तं सोडे कसले, बाला? गिऱ्हाईक आधी नाकानं घेतं."

हातचं काम जातंय की काय, या धास्तीनं मी तिथंच ओळ खोडली होती.

आज स्क्रीनवरच्या गुळगुळीत ओळी पुन्हा वाचल्या. एकीलाही वास नाही. खोडतोय.